समंधाचा चेहरा कुणाचा आणि पाय कुणाचे?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तीस मिनिटांची फिल्म, कोकणातला पडका वाडा आणि अंगणातल्या पिंपळावरचा समंध. तो एकूण बारा मिनिटं पडद्यावर आहे, दोन-तीनदा अगदी जवळून दिसतो आणि एका प्रसंगात वाड्यातली सात-आठ वर्षांची मुलगी त्याचा हात धरते. गाल आत गेलेले, बोटं लांबलचक, पाय उलटे, अंगावर जुनं धोतर आणि वारा नसताना तरंगणारं उपरणं. शूट सहा दिवसांचं, त्यातले चार समंधाचे. व्हीएफएक्स (शूटनंतर संगणकावर दृश्यात भर घालणं, पुसणं) करणारा तुमचा मित्र म्हणतो, "नटाला हिरवे कपडे घाल, बाकी मी बघतो." इंटरनेटवर मात्र जो तो सांगतोय की सीजीआय, म्हणजे संगणकावर घडवलेलं चित्र, ही फसवाफसवी आणि खरी कला मेकअप-कॉस्च्युमची. तेव्हा खरं काय आणि बेताच्या पैशांत निवडायचं काय?

मी प्रोस्थेटिक मेकअप करतो, म्हणजे सिलिकॉन किंवा फोमचे तुकडे चिकटवून चेहरा बदलतो, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. तरी इंटरनेटवरचं ते मत मला पटत नाही, आणि तुमच्या मित्राचं तर अजिबातच नाही. खरी अडचण मला वेगळीच दिसते. 'समंध' ही एकच वस्तू धरून तुम्ही तिच्यासाठी एकच तंत्र शोधताय. आमच्याकडे अख्खं पात्र सहसा एकाच्या ताब्यात जात नाही. चेहरा एका खात्याकडे, बोटं दुसऱ्याकडे, पाय तिसऱ्याकडे, आणि ही वाटणीसुद्धा शॉटनुसार बदलते. तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठल्या शॉटला समंधाचा कुठला भाग दिसणार हे अजून लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे सल्ले सारखेच बरोबर वाटतायत.

आधी इंटरनेटचं बघू. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) म्हटलं की लोक खऱ्या गाड्या आणि खरे स्टंट आठवतात, आणि ते खरेच होते. पण त्याच सिनेमात दोन हजारांच्या आसपास व्हीएफएक्स शॉट आहेत. जे डोळ्याला खटकत नाही त्याला लोक 'खरं' म्हणतात आणि खटकतं तेवढ्यालाच सीजीआय. उलट बाजूचं उदाहरण 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या दुसऱ्या भागातला (२००६) डेव्ही जोन्स. बिल नाय हा नट सेटवर ठिपके लावलेला राखाडी पोशाख घालून उभा राहिला आणि तोंडाभोवतीच्या सोंडांपासून डोळ्यांपर्यंत सगळा चेहरा नंतर संगणकावर चढला. तो मेकअप आहे असं तेव्हा कित्येकांना वाटलं होतं. त्यामागे आयएलएमसारखी मोठी व्हीएफएक्स कंपनी आणि भरपूर वेळ होता हे खरंच. शिवाय जोन्सची कातडी सतत ओली, प्रसंग बरेचसे रात्रीचे आणि पावसाचे, आणि समोर नट प्रत्यक्ष हजर, त्यामुळे बाकीच्यांची नजर जिथे हवी तिथेच होती. तंत्र महागडं होतंच, पण जागाही नेमकी निवडलेली होती.

ही जागा कशी निवडायची, याचा माझा पहिला निकष अगदी ढोबळ आहे. मेकअप फक्त भर घालू शकतो, वजा करू शकत नाही. नाक मोठं करता येतं, नाहीसं करता येत नाही. हॅरी पॉटरच्या सिनेमांतला व्होल्डेमॉर्ट बघा. राल्फ फाइन्सच्या फिकट, शिरा दिसणाऱ्या कातडीचं काम मेकअपचं होतं, पण सपाट नाक संगणकानं केलं. 'कॅप्टन अमेरिका'च्या पहिल्या भागातला (२०११) रेड स्कल तसाच. तांबडी कवटी प्रोस्थेटिकची आणि त्यावरचं नाक पुसून टाकण्याचं काम डिजिटल. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गॉलमचं शरीर तर असं, की तेवढा माणूस मिळणंच शक्य नव्हतं. तिथे अँडी सर्किसचा अभिनय घेऊन शरीर संगणकावर घडवणं हाच मार्ग होता.

या बाबतीत मला सर्वांत शिकण्यासारखा सिनेमा वाटतो तो 'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६). त्यातला फॉन, म्हणजे बोकडाच्या पायांचा वनदेव, डग जोन्स या अत्यंत सडपातळ नटानं केला. चेहरा, शिंगं, धड सगळं अंगावर चढवलेलं. पाय मात्र गमतीचे. उलट्या गुडघ्याचे कृत्रिम पाय त्याच्या पायांना जोडले होते आणि त्याचे स्वतःचे गुडघ्याखालचे पाय हिरव्या कापडात गुंडाळून नंतर पुसून टाकले. पुसायचं तेवढंच पुसलं. स्पेनच्या ज्या मंडळींनी तो मेकअप केला त्यांना त्याबद्दल ऑस्कर मिळालं. त्याच सिनेमातल्या तळहातावर डोळे असलेल्या राक्षसाच्या मुखवट्यातून जोन्सला नाकपुड्यांच्या भोकांतूनच काय ते दिसायचं.

आता तुमचा समंध. गाल आत गेलेले हवेत, म्हणजे वजाबाकी. ती मेकअपनं होत नाही, पण तिचा आभास होतो. गालाची हाडं, भुवयांचा कंगोरा आणि जबड्याची कड पुढे आणली की मधला गाल आपोआप खोल वाटतो. अट एकच, नट मुळात हाडकुळा हवा. गुबगुबीत चेहऱ्यावर अशी भर घातली तर समंधाऐवजी सुजलेला माणूस दिसतो. पात्रनिवड हा प्रोस्थेटिकचा पहिला थर असतो आणि तो फुकट मिळतो. 'तुंबाड'मधली (२०१८) शापित म्हातारी मोहम्मद समद या पोरसवदा नटानं केली आहे, विनायकच्या मुलाचं, पांडुरंगचं काम करणाऱ्यानंच. मुलाच्या लहान चेहऱ्यावर कितीही थर चढवले तरी डोकं माणसाच्या मापाबाहेर जात नाही. भर घालायला जागा उरते. तुमच्या समंधासाठी नावाजलेला नट शोधण्याआधी बारीक मानेचा, खोल डोळ्यांचा आणि लांब हातांचा नट शोधा. एकांकिका स्पर्धांत असे पुष्कळ भेटतात.

दुसरा निकष पैशांचा आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. मेकअपचं मीटर दिवसावर पळतं, व्हीएफएक्सचं शॉटवर. चेहऱ्याचं मातीचं शिल्प आणि त्यावरून केलेला मोल्ड, म्हणजे साचा, हा एकदाचा खर्च. त्यानंतर प्रत्येक दिवसाला चेहऱ्यावर चिकटवायच्या तुकड्यांचा नवा सेट लागतो, कारण सिलिकॉनच्या पीसची, म्हणजे तुकड्याची, कड कागदाहून पातळ असते, ती त्वचेत मिसळवून टाकलेली असते आणि संध्याकाळी काढताना ती फाटतेच. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या हॉबिटांच्या केसाळ पायांच्या सुमारे १८०० जोड्या लागल्या त्या यामुळेच. पण एकदा सेट चढला की त्या दिवशी तुम्ही दहा शॉट घ्या नाहीतर चाळीस, माझा खर्च तेवढाच. व्हीएफएक्समध्येही पात्र घडवण्याचा एकदाचा खर्च आहेच, आणि त्यावर प्रत्येक शॉटला ट्रॅकिंग, अॅनिमेशन, लायटिंग, रेंडर, कंपोझिटिंग हे सगळं पुन्हा.

तुमच्यापुरता हिशोब करा. बारा मिनिटं म्हणजे ७२० सेकंद. सरासरी चार सेकंदांचा शॉट धरला तर १८० शॉट. संगणकावरचा बोलणारा, रागावणारा चेहरा १८० वेळा! मेकअपला चार दिवसांचे चार सेट, एक लुक टेस्टला (शूटआधीच्या कॅमेरा चाचणीला), एक-दोन राखीव. तुमच्या फिल्ममध्ये चेहरा मेकअपकडे जातो तो या आकड्यांमुळे, त्यात माझ्या धंद्याचं प्रेम नाही. हाच समंध फक्त तीन शॉटमध्ये दिसणार असता, पिंपळावरून झेप घेताना त्याचा जबडा छातीपर्यंत उघडणार असता, तर मीच म्हणालो असतो की मोल्ड कशाला करताय, मित्राला द्या. 'ज्युरासिक पार्क'मध्ये (१९९३) डायनोसॉर जेमतेम पंधरा मिनिटं आहेत आणि त्यातली संगणकावरची सहा-एक मिनिटंच. जवळून दिसणारं, गाडीला धडकणारं जनावर यांत्रिक होतं, आणि धावणारं, पूर्ण दिसणारं संगणकावरचं. अर्थात यांत्रिक म्हणजे बिनघोर, असं समजू नका. पावसाच्या प्रसंगात त्या टी-रेक्सची फोमची कातडी पाणी पिऊन इतकी जड झाली की तो थरथरायला लागला आणि दोन टेकांमध्ये त्याला पुसून कोरडं करावं लागत होतं.

तिसरा निकष स्पर्शाचा. मुलगी समंधाचा हात धरते तो प्रसंग तुमच्या फिल्मचा कणा आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तिथे तिच्या हातात खरा हात हवा. कातडी दाबली की दबायला हवी, बोटांची सावली तिच्या मनगटावर पडायला हवी. हे संगणकावर होत नाही असं नाही, पण दोन गोष्टी एकमेकींना जिथे टेकतात तिथेच व्हीएफएक्स सर्वांत महाग आणि सर्वांत कच्चं पडतं. शिवाय तुमची नायिका आठ वर्षांची आहे. संगणकावरच्या समंधाच्या जागी धरलेल्या टेनिसच्या चेंडूकडे बघून घाबरायला तिला कसं जमणार? मराठी प्रेक्षकाला याचा अनुभव जुना आहे. 'झपाटलेला'मधला (१९९३) तात्या विंचू म्हणजे रामदास पाध्यांचा बोलका बाहुला. त्याचं तोंड कसं हलतं हे कळत असूनही आमच्या पिढीतली पोरं रात्री पलंगाखाली बघून झोपायची, कारण तो लक्ष्याच्या अंगावर खरंच चढत होता.

बोटांबद्दल एक सूचना. नटाच्या बोटावर टोपीसारखं टोक चढवून लांबी वाढवता येते, पण एका पेराइतकीच. त्याहून लांब केलंत तर पुढचा भाग वाकत नाही आणि हातात काठ्या बांधल्यासारखं दिसतं. हात धरण्याच्या शॉटसाठी मऊ सिलिकॉनचा वेगळा हातमोजा करून घ्या, नखं बोथट ठेवा. आणि त्या मुलीला नटाचा मेकअप चढताना पहिल्यापासून शेजारी बसवा. तिला एकदम समंध दाखवून 'खरी भीती' टिपायची हौस काही दिग्दर्शकांना असते. मी अशा शॉटला उभा राहत नाही.

आता तुमच्या मित्राकडे येऊ. "बाकी मी बघतो" या वाक्याआधी त्याला विचारा, नेमकं काय करतोस? कंपोझिटर आणि कॅरेक्टर अॅनिमेटर हे सुतार आणि गवंडी यांच्याइतके वेगळे कारागीर आहेत. कंपोझिटर पुसतो, जोडतो, रंग जुळवतो. चेहऱ्याला अभिनय करायला लावणं हा त्याचा विषय नव्हे. दुसरं म्हणजे हिरवे कपडे. तुमचं लोकेशन पिंपळाखाली, भोवती गवत आणि शेवाळलेला चिरा. हिरव्यात हिरवं घातलंत तर संगणक नेमका हिरवा वेगळा काढणार कसा? वर त्या कापडाचा हिरवा उजेड नटाच्या गालावर आणि पांढऱ्या धोतरावर पडणार तो वेगळा. अशा जागी क्रोमाचा, म्हणजे रंगावरून आपोआप कापण्याचा, भरवसा सोडून हातानं रोटो करायची, म्हणजे एकेका फ्रेममध्ये आकृती कापायची, तयारी ठेवतात, आणि त्यासाठी सर्वांत उपयोगी पडते ती क्लीन प्लेट. शॉट ओके झाला की कॅमेरा न हलवता सगळ्यांना बाजूला करून तीच रिकामी फ्रेम दहा सेकंद घ्यायची. लेन्स, कॅमेऱ्याची उंची, नटापासूनचं अंतर वहीत लिहायचं. प्रकाश कुठून येतो याची नोंद म्हणून चंदेरी आणि राखाडी गोळा फ्रेममध्ये धरायचा. तुमचा मित्र हे मागत नसेल तर तो सेटवर फारसा गेलेला नाही.

उलटे पाय मात्र त्यालाच द्या, पण सगळे नकोत. नुसत्या पायांच्या क्लोजअपला व्हीएफएक्स लागतच नाही. नटाला धोतर पुढचं मागे करून नेसवा, फ्रेम गुडघ्याखाली ठेवा आणि त्याला उलटं चालायला लावा. धोतराचा घोळ ज्या दिशेला त्या दिशेला माणूस चाललाय असं डोळा धरून बसतो आणि पावलं मात्र मागे वळलेली दिसतात. उलट चालताना चवडा आधी टेकतो, टाच नंतर, त्यामुळे चालच विचित्र वाटते. फ्रेममध्ये गुडघा येऊ देऊ नका, तो कुठल्या बाजूला वाकतो यावरून चोरी पकडली जाते. उभा समंध डोक्यापासून पायापर्यंत हवा असेल तर कॅमेरा लॉक करा आणि एकाच खुणेवर दोन टेक घ्या, एक समोर तोंड करून, एक पाठमोरा. धोतराच्या काठाखाली दोन्ही जोडायचे. हे कुठल्याही बऱ्या कंपोझिटरचं काम. पूर्ण फ्रेममध्ये चालत येणारा समंध मात्र स्क्रिप्टमधून काढा. तो एक शॉट बाकीच्या सगळ्यांचे पैसे खाईल, आणि गुडघाभर गवतातून आलेला समंध मला तरी जास्त भीतिदायक वाटतो.

इथपर्यंतचं एकदा एकत्र करतो. चेहरा आणि हात मेकअपचे, कारण ते जास्त वेळ आणि जवळून दिसतात आणि त्यांना कुणीतरी शिवतं. पायांचे क्लोजअप कॅमेऱ्याच्या युक्तीचे, उभे शॉट मित्राचे. मेकअपच्या कडा कुठे उचलल्या तर त्या पुसणं आणि डोळ्यांची बुबुळं थोडी मोठी करणं हेही मित्राचं. 'शेप ऑफ वॉटर'मधला (२०१७) जलमानव अंगात घालायच्या सूटचाच होता, डोळ्यांना मात्र संगणकाची मदत होती. असं काम कमी खर्चात फार मोठा फरक पाडतं. फक्त कोण काय करणार हे दोघांना एकत्र बसवून सांगा. नाहीतर मी म्हणणार कड तो पुसेल, तो म्हणणार कड असणारच नाही.

कपड्यांवर तुम्ही एकच ओळ लिहिलीय, पण मी थोडा रेंगाळतो, कारण लहान फिल्ममध्ये सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त मिळतं ते इथे. सबंध पोशाख नंतर संगणकावर चढवण्याची कल्पना 'ग्रीन लँटर्न'नं (२०११) केली आणि तो हिरवा पोशाख चेष्टेचा विषय झाला. 'अॅव्हेंजर्स: एंडगेम'मधले (२०१९) काळप्रवासाचे पांढरे पोशाखसुद्धा पूर्ण डिजिटल होते, पण कुणाला पत्ता लागला नाही. माझ्या मते फरक असा की दुसऱ्यात पोशाख कडक, तुकड्यातुकड्यांचा, कपड्यासारखा दिसला पाहिजे असा होता. पहिल्यात तो कातडीसारखा अंगाला चिकटलेला, आणि वर उघडा खरा चेहरा. तुमच्याकडे तर धोतर आहे. निऱ्या, कासोटा, चालताना पोटरीवर आपटणारा काठ... सुती कापडाचं हे वागणं संगणकावर जमवताना चांगले चांगले टेकीला येतात. ते नेसवा आणि मोकळे व्हा.

पण धोतर कोरं नको. आधी धुऊन खळ काढा. मग विचार करा, हा माणूस शे-दोनशे वर्षं फांदीवर बसलाय तर कापड कुठे झिजेल? बसण्याच्या जागी, गुडघ्यांवर, काठाला. तिथे सँडपेपर आणि किसणी. नंतर चहाच्या पाण्यात बुडवून पांढरेपणा मोडायचा, काठाला शेवाळी हिरवा, वर मुलतानी मातीची धूळ. घामाचा तेलकटपणा हवा तिथे थोडं ग्लिसरीन. अशी तीन धोतरं एकसारखी करा. एक भिजणार, एक फाटणार. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची साखळी चिलखतं पाहिलीत? त्यातली बरीचशी प्लॅस्टिकच्या पाइपच्या चकत्या कापून हातानं गुंफलेली होती. वजन कमी, आणि पडद्यावर पोलाद. कापड काय आहे यापेक्षा ते कसं लोंबतं आणि कुठे झिजलंय याकडे डोळा जास्त बघतो.

तरंगणाऱ्या उपरण्यासाठी तलम रेशीम किंवा मलमल घ्या, चार ठिकाणी बारीक तंगूस बांधा आणि दोन पोरं फ्रेमबाहेर बसवा. खालून हलका पंखा, आणि शॉट ५० फ्रेमवर घेऊन संथ करा. पाण्यात असल्यासारखं हलेल. तंगूस दिसलाच तर तो पुसणं हे अर्ध्या तासाचं काम. पंख्याच्या आवाजानं संवाद खराब होतील, म्हणून ज्या शॉटमध्ये बोलणं आहे तिथे उपरणं स्थिर ठेवा, नाहीतर डबिंगची तयारी ठेवा.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या. शूट कधी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. मे महिन्यात कोकणात करणार असाल तर माझं अर्धं उत्तर डळमळतं. सिलिकॉन घाम शोषत नाही. तो खाली साठतो, फुगे येतात, आणि तोंडाच्या कोपऱ्यातली कड सगळ्यांत आधी सुटते. फोम लेटेक्स थोडा घाम पितं, वजनाला हलकं, पण त्यातून प्रकाश आत शिरत नाही, त्यामुळे सगळा जिवंतपणा रंगानं आणावा लागतो आणि क्लोजअपमध्ये ते कठीण जातं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मिळाल्या तर डोळे झाकून सिलिकॉन. चेहरा चढायला तीन ते चार तास, उतरवायला एक. बारा तासांच्या शिफ्टमधून ते आणि जेवण वजा करा, समंध तुम्हाला कॅमेऱ्यासमोर सहा-सात तास मिळतो. कॉल टाइम, म्हणजे सेटवर बोलावण्याची वेळ, त्याप्रमाणे लावा. नटाला दुपारी तीनला खुर्चीत बसवलं तर रात्रीचे शॉट सुरू व्हायला वेळ बरोबर जुळतो, त्याआधी बाकीच्यांचे दिवसाचे प्रसंग उरकता येतात.

नट बंद जागेत घाबरत असेल, लेटेक्सची अॅलर्जी असेल, दाढी काढायला तयार नसेल, तर बेत बदलतो. गोंद आणि लेटेक्स दोन्हींची पॅच टेस्ट हाताच्या आतल्या बाजूला किमान चोवीस तास आधी करायचीच, तो कितीही "मला काही होत नाही" म्हणाला तरी. 'विझार्ड ऑफ ऑझ'च्या (१९३९) वेळी टिनच्या माणसाचं काम आधी बडी एब्सनकडे होतं. चेहऱ्यावर लावलेली अॅल्युमिनियमची पूड श्वासातून फुप्फुसात गेली, त्याला इस्पितळात ठेवावं लागलं आणि भूमिका दुसऱ्या नटाकडे गेली. त्याच्यासाठी मग पुडीऐवजी लेप वापरला. बाजारात मिळणारा कुठलाही चमकीचा रंग 'चेहऱ्याला चालतो का' हे वाचल्याशिवाय लावू देऊ नका.

डीओपी, म्हणजे कॅमेरामन, कोण आहे यावरही बरंच अवलंबून. समोरून सपाट लाइट आला की माझ्या कडा नागड्या होतात. बाजूनं किंवा मागून आला तर झाकल्या जातात. तुमच्याकडे कंदिलाचा उजेड आहे, तो तांबूस. त्यात चेहऱ्यावरचे लाल रंग नाहीसे होतात आणि निळे-हिरवे काळे पडतात. म्हणून रंग व्हॅनिटीच्या पांढऱ्या बल्बखाली ठरवायचा नसतो. 'हॉबिट'च्या वेळी डिजिटल कॅमेरे लाल रंग इतका खात होते की मेकअपवाल्यांना चेहरे नेहमीपेक्षा जास्त लाल रंगवावे लागले. त्याच सिनेमात अॅझॉग हा ओर्क आधी प्रोस्थेटिकमध्ये करून झाला होता, नंतर तो काढून पूर्ण डिजिटल केला गेला. तेवढी ऐपत असेल तर शूटनंतरही मत बदलता येतं. 'सॉनिक'चा पहिला ट्रेलर लोकांना आवडला नाही म्हणून अख्खं पात्र नव्यानं घडवलं आणि सिनेमा नोव्हेंबर २०१९ ऐवजी फेब्रुवारी २०२० मध्ये आणला. संगणकाचा हा खरा फायदा आहे आणि खरा मोहही तोच. 'कॅट्स'ला (२०१९) तर प्रदर्शनानंतर सुधारलेली प्रत थिएटरांना पाठवावी लागली. "नंतर बघू" म्हणायला ज्याच्याकडे नंतरचे पैसे आहेत त्यानं म्हणावं. तुमच्याकडे ते नाहीत, आणि मेकअपचा मोठा उपकार असा की तो शूटच्या आधीच तुम्हाला निर्णय घ्यायला लावतो.

जाता जाता, हा वाद आपल्याकडे नवा नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री'त (१९२०) कीचकाचा वध इतका खरा दाखवला होता की सेन्सॉरनं तो प्रसंग काढायला लावला. फाळके तर जादूचे प्रयोग करणारेच. कॅमेऱ्यात होईल ते कॅमेऱ्यात, हातानं होईल ते हातानं. त्यांना यात दोन पक्ष दिसले असतील असं मला वाटत नाही.

शेवटी वेळापत्रक. नटाच्या चेहऱ्याचा साचा घेण्यापासून पहिल्या शूटपर्यंत सहा ते आठ आठवडे हातात ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत साचा आणि मातीचं शिल्प. शिल्प तुम्ही, डीओपी आणि तो मित्र तिघांनी उभं राहून बघा, कारण मोल्ड झाल्यावर नाक बदलता येत नाही. मग मोल्ड, पीस, रंग. शूटच्या किमान दहा दिवस आधी लुक टेस्ट: तोच कॅमेरा, तीच लेन्स, कंदिलाचा उजेड, धोतर-उपरण्यासह. नटाला संवाद म्हणायला लावा, हसायला लावा, मान वळवायला लावा. जाड पीसखाली चेहरा थोडा सुस्त होतो, तेव्हा भुवया आणि ओठ किती जास्त हलवायचे हे त्याला आरशासमोर बसून शोधावं लागतं. हे शूटच्या दिवशी शिकायचं काम नव्हे. ती टेस्ट झाली की इथे फोटो टाकू नका, व्हिडिओ टाका, शक्यतो रंग न बदललेला. चेहरा हलताना बघितल्याशिवाय कडांबद्दल मला काही सांगता येणार नाही.